दाराजवळचा डाग

३ मार्च

चित्र आलं! दादाने ड्रायव्हरबरोबर पाठवलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. 'साफ करून दे' एवढाच मेसेज. बाबा गेले तेव्हा तासभर थांबून परतले होते मी. त्यालाही आठ महिने झाले. बहीणभावाचं बोलणं ते एवढंच उरलंय.

बाबांनी काढलेलं आमचं जेवणाचं टेबल. आई, दादा, मागे उघडं दार. मी नाही. मी घर सोडल्यानंतरच्या वर्षीचं चित्र, त्यात मी कशी असणार? जुनी चित्रं दुरुस्त करायचं शिकायला निघाले, तेव्हा 'दुसऱ्यांच्या चित्रांची धुणी धुणार का आयुष्यभर?' म्हणाले होते. धुतेय की. आज तुमचंच आलं, बाबा!

४ मार्च

दाराजवळ एक डाग आहे. डाग कसला, पिवळ्या रंगाचं ढेकूळच! वॉर्निशच्या वर बसलंय — म्हणजे चित्र पुरं झाल्यावर कितीतरी वर्षांनी कुणीतरी थापलेलं. बाबांचा हात असा नव्हताच. रंग उडाला म्हणून दादाने कुठल्यातरी पेंटरला बोलावलं असणार. नुसती चिडचिड झाली.

असं काही काढण्याआधी मालकाला विचारायचं, हा आमच्या कामाचा नियम. मालक म्हणजे दादा. म्हणजे फोन करणं आलं. पहिला फोन मीच का करायचा?

६ मार्च

काढलं. कापसाचे बोळे फिरवून फिरवून मान आखडली, पण एका दुपारी काम फत्ते. खालचं दार कसं लख्ख निघालं! नजर असावी तर अशी.

१० मार्च

दादा स्वतः आला. केस पांढरे झालेत त्याचे. मी चहा ठेवायला गेले, तेवढ्यात तो चित्रासमोर जाऊन उभा राहिला.

"दाराशी तू होतीस ना गं?"

मला कळेचना.

मग त्याने सांगितलं. शेवटच्या हिवाळ्यात बाबांना जवळजवळ दिसत नव्हतं. तरी रंगांची पेटी मागितली. दादाने मनगट धरून ब्रश दारापर्यंत न्यायचा. तीन दुपारी लागल्या. 'पिवळा दे. तिचा रेनकोट पिवळा होता.'

हो, पिवळाच होता. तोच घालून निघाले होते.

दादा ओरडला नाही. चहा तसाच ठेवून बसून राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

११ मार्च

काम सुरू करण्याआधी काढलेला फोटो सकाळपासून बघतेय. आता सगळं दिसतंय — वाकडा खांदा, चौकटीवर टेकलेला हात. तेव्हा का नाही दिसलं?

पुन्हा रंगवता येईल, अगदी हुबेहूब. पण रंगवणारा हात माझा असेल. नको.

एक फोन! आळस केला म्हणावं, तर तेही खोटं. ताठा होता. बाबांचाच ताठा, दुसरं काय. त्यांनी तरी शेवटी सोडला. मी नाही. रडू आवरत नाही.

१४ मार्च

आज मीच फोन केला. 'सोबत चिठ्ठी का नाही पाठवलीस रे?' दादा म्हणाला, बाबांनीच बजावलं होतं — 'तिला काही सांगू नकोस. तिची नजर पक्की आहे. बघताक्षणी ओळखेल.'