बंबाला शिंप्याची ठिगळं

तीर्थस्वरूप भाऊजींना बंबखान्यातून साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घातला असं समजावं). आपला गुडघा काय म्हणतो? ताईचा फोनवरचा आवाज अजून शेजाऱ्यांनाही ऐकू जातो, म्हणजे तिची तब्येत उत्तम.

परवा आमच्याकडे आग लागली. कोपऱ्यावरच्या शिंप्याची इस्त्री चालू राहिली आणि चिंध्यांनी पेट घेतला. बंबखान्याचा फोन कित्येक महिने मुका, म्हणून बिचारा स्वतःच धावत आला. इकडे बंब सुरू होईना. ड्रायव्हरने (वयामुळे सगळे त्याला आजोबा म्हणतात) आधी त्याला गोंजारलं, मग शिव्या घातल्या. शेवटी आम्ही ढकलायला लागलो. शिंपीही लागला, त्याला घाई होती. वाटेत भाजीवाल्या आल्या, न्हावी आला, त्याचं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही आलं. घंटा वाजवायची गरजच उरली नाही, सगळी गल्ली बंबामागेच होती.

पाइप सोडला तर पाणी भोकाभोकांतून उडालं आणि आग सोडून बाकी सगळे भिजले. शिंप्याच्या बायकोने तोवर ओल्या गोधडीने आग विझवली होती. "आता आलाच आहात तर चहा घेऊन जा," ती म्हणाली. चहा उकळेपर्यंत शिंप्याने आमचा पाइप मशीनवर घेऊन ठिगळं मारून दिली.

काल आपल्या मुख्य कार्यालयातले मोठे साहेब पाहणीला आले. नाकाला रुमाल लावून दारातूनच म्हणाले, "या भागात आगी लागतात कुठे? बंद करा हे. इथे दुकानांचे गाळे काढू."

मी विचारलं, "साहेब, गाळ्यांना आग लागली तर?"

"नदीपलीकडून गाडी येईल."

नदीवरचा पूल मोडकळीला आल्यामुळे गाड्यांना बंद आहे (बंदीच्या हुकुमावर सही याच साहेबांची).

मला काय, निवृत्ती जवळ आली. बंद झालं तर सुटलो एकदाचा.

आपला मेहुणा

ता. क. – सुटलो वगैरे मनावर घेऊ नका. केंद्र बंद करायची फाइल आपल्याच टेबलावर येणार आहे. आपल्या टेबलावर फायली किती वर्षं गाढ झोपतात, ते ताई कौतुकाने सांगते. हिच्याही अंगावर पांघरूण घाला.

पुन्हा ता. क. – साहेब नवा बंगला बांधताहेत. तो आमच्याच हद्दीत येतो हे त्यांना अजून ठाऊक नाही. आपणही इतक्यात बोलू नका. आतलं लाकूडकाम उरकू दे, मग नवा बंब मागू.