‘अज्ञात’ मीच लिहिलं

३ मार्च, एडिनबरा
आज पहिल्यांदा म्युझियमच्या स्टोअररूममध्ये गेले. दोन वर्षं इथली यादी कॉम्प्युटरवर सांभाळतेय, वस्तू कधी बघितल्याच नव्हत्या. एका रॅकवर पुठ्ठ्याचे खोके. आत माणसं! ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या कवट्या, कबरी उकरून आणलेल्या. आणि मी यांना ‘आयटम’ म्हणत होते.

५ मार्च
ऑस्ट्रेलियातून एक म्हाताऱ्या बाई आल्यात, आपल्या पूर्वजाला न्यायला. सगळे त्यांना आंटी म्हणतात, मीही. त्याच्या, ११४ नंबरच्या खोक्याजवळ खुर्ची मागितली आणि त्याच्याशी बोलत बसल्या, गावाकडची खबरबात सांगावी तसं. मग माझ्याकडे बघून, "फार दिवस थंडीत ठेवलंत गं त्याला."

६ मार्च
परत द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या कमिटीने अडवलं. कुठून आणलं याचा पुरावा नाही म्हणे. यादीत मूळ ठिकाण ‘अज्ञात’.
मी तणतणत जुन्या नोंदी उघडल्या. कुठल्या गाढवाने लिहिलं? आधी तिथे आंटींच्या भागातल्या नदीचं नाव होतं, पुढे प्रश्नचिन्ह. बदल गेल्या वर्षीचा. बदलणारी: सु. का.
मी.
प्रश्नचिन्हवाल्या सगळ्या नोंदी एका दुपारी ‘अज्ञात’ केल्या होत्या, यादी स्वच्छ दिसावी म्हणून. शाबासकीही मिळाली होती.
आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी आडनावाच्या जागी जात लिहिली, हे मी दर जयंतीला माइकवर सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान...

७ मार्च
मिलिंद म्हणाला, "क्वाएटली जुनं परत टाक आणि विषय सोड ना. आपल्या दोघांचा व्हिसा तुझ्या जॉबवर आहे, सुजाता."
नवऱ्याचं चूक नाही. पण गुपचूप बदललं तर कमिटी म्हणणार, मागणी आल्यावर घुसडलं. माझ्या नावानिशीच सांगायला हवं. भीती वाटते. खूप.
आंटींना आधी सांगितलं. माफ करा म्हणाले, तर म्हणाल्या, "माझी नको. त्याची माग."
खोक्यासमोर उभी राहिले. मराठीतच मागितली.

८ मार्च
सकाळी कमिटीला मेल, जुन्या नोंदीसकट. बॉसने बोलावून घेतलं, "आधी मला का नाही सांगितलंस?" एवढंच. चेहऱ्यावरून काही कळेना.
पाच वाजले. कमिटीचं उत्तर नाही. आंटींचं विमान उद्या सकाळचं. टॅक्सी बुक करू का विचारलं, तर खोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दोघांसाठी कर."