फ्रिजवरची लाल गाडी

प्रिय रेलिन,

अक्षर बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, माझा हात मोडलेला नाही, आणि मला कुणी डांबूनही ठेवलेलं नाही. हे अक्षर ग्रंथालयातल्या मिस ऑड्रेचं. मी बोलते आहे आणि त्या लिहिताहेत. मी सांगेन तसंच लिहायचं, उगाच शहाणं करायचं नाही, अशी अट मी घातली आहे. आत्ता त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तेही लिहा म्हटलं.

तू म्हणशील, फोन काय मेला होता? अगं, गेल्या आठवड्यात तीनदा केला. पहिल्यांदा तुझ्या हनुवटीवरच्या टाक्यांच्या खुणेची चौकशी केली. दुसऱ्यांदा तुझ्या टायरच्या दुकानातल्या मालकाच्या केसांच्या टोपाची थट्टा केली. तिसऱ्यांदा तूच म्हणालीस, ‘मॅमॉ, काय झालंय तुला? कारण नसताना हसतेयस.’ मी म्हटलं, आजी म्हातारी झाली, दुसरं काय. फोनवर मला पळायला बरीच दारं असतात, एक थट्टा केली की निसटले. इथे मिस ऑड्रे पेन धरून बसल्यात आणि मी गप्प झाले की घड्याळाकडे बघतात.

येत्या गुरुवारी तुझी सुनावणी. त्या विमा एजंटाच्या कचेरीने कागद पाठवलाच नाही म्हणून तुझी गाडी विम्यावाचून उघड्यावर पडली, अशी तुझी तक्रार. कागद पाठवायचं काम होतं तिथे नोकरीला असलेल्या डाल्टनचं, तुझ्याच डाल्टनचं. तक्रार खरी ठरली तर तुला गाडीची भरपाई मिळेल आणि डाल्टनला या राज्यात पुन्हा विम्याचं काम करता येणार नाही. साक्षीदार एकच, मी. माझ्या घरी असा कागद कधी आलाच नाही, हे तू टाइप करून आणलंस आणि मी त्याच्याखाली सही केली. हे सगळं तुला माहीत आहे. आता तुला माहीत नसलेलं सांगते, पण जरा वळसा घेऊन. सरळ गेले तर पोचणारच नाही.

ती गाडी तू माझ्या अंगणात आणलीस तो दिवस आठव. एकोणसत्तरची कॅमेरो, लाल, शेवटची तीस वर्षं इथल्या लेबनन गावच्या एका म्हाताऱ्याच्या कोठारात कोंबड्यांखाली झोपलेली. शनिवार-रविवारसुद्धा टायर बदलून, दोन वर्षं नवे बूट न घेता तू ती मिळवलीस. तुझा बाप म्हणाला, ‘एवढ्यात नवी कोरी आली असती, एअरबॅगसकट.’ तू इंजिन चालू केलंस आणि शेजारच्या बाईचं कुत्रं जे पलंगाखाली गेलं ते जेवायलाच बाहेर आलं. मी मागच्या सीटवर बसून गादीला नाक लावलं, तेव्हा तू हसलीस. अगं, त्या वर्षी मी नॉरवूडच्या कारखान्यात त्याच गाद्यांची कव्हरं शिवत होते. बावीस वर्षांची होते. आठ तास शिलाई आणि फोरमनच्या शिव्या. शिवण हाताने चाचपून म्हटलं, ही माझी नसणार, फार सरळ आहे.

मग विमा. रोज चालवायच्या गाडीचा विमा तुला परवडेना, आणि जुन्या हौशी गाड्यांचा घ्यावा तर पंचवीस वर्षांखालच्या पोरीचं नाव ऐकूनच ते फोन ठेवत. डाल्टनने वाट काढली. गाडी मॅमॉच्या नावावर, मॅमॉच्या कुलपाच्या गराजमध्ये, आणि रेलिन दुसरी चालक. कामाला न्यायची नाही, जुन्या गाड्यांच्या मेळ्याला आणि मिरवणुकीला न्यायची. मला शंका आली, हे फसवणं तर नाही ना? तो म्हणाला, ‘नाही मॅमॉ, सगळं उघड सांगून करतोय.’ फक्त एक होतं. तरुण चालकासाठी वेगळा कागद टपालाने माझ्या पत्त्यावर येणार, त्यावर आपण दोघींनी सह्या करून महिन्याच्या आत परत धाडायचा. तो गेला नाही तर विमा एकट्या माझा. कचेरीत त्याने मला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवली होती. मी मनात म्हटलं, किती गोड पोरगा, आपली नात नशीबवान.

आता वळसा संपला. रेलिन, मला वाचता येत नाही.

चष्मा विसरला म्हणून नाही, अक्षर बारीक आहे म्हणून नाही. कधीच येत नव्हतं. केंटकीच्या डोंगरात आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि माझ्यामागे पाच भावंडं. शाळेची गाडी पार खाली ओढ्याच्या तोंडाशीच यायची. बाप म्हणाला, एक वर्ष थांब. मग त्या वर्षाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. ओहायोत आल्यावर कारखान्यात दोऱ्याच्या रंगावरून मला सगळं कळायचं. गाडी चालवायचा परवाना तोंडी परीक्षा देऊन काढला. रस्त्यावरच्या पाट्या मी आकारावरून ओळखते, तुझ्या बापापेक्षा बऱ्या. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तुझ्या पॅपॉला कळलं. तो हसला नाही. त्याने एका कागदावर माझं नाव लिहून दिलं आणि मी महिनाभर ते गिरवलं. ते एकच चित्र मला काढता येतं. बाकीचं त्याने पन्नास वर्षं मला वाचून दाखवलं, तुझ्या बापालाही कळू न देता. हॉटेलात मी नेहमी ‘ती घेतेय तेच मला’ म्हणते ना, त्यामुळे आयुष्यात कितीदा तरी नको ते खाल्लंय.

आणि तू लहान असताना मी तुला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायची. तू चार वर्षांची होतीस. एके दिवशी म्हणालीस, ‘मॅमॉ, काल तर अस्वल आजारी होतं, आज लग्नाला कसं गेलं?’ मी म्हटलं, अस्वलं लवकर बरी होतात. तू विश्वास ठेवलास. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले, हे आज पहिल्यांदा सांगते आहे.

पॅपॉ गेल्यावर मी टपाल चित्रांवरून लावू लागले. विजेच्या पाकिटावर वीज असते, दवाखान्याच्या पाकिटावर क्रॉस असतो. ती घेऊन मी पैसे भरायच्या खिडकीवर जाते आणि ‘बाळा, किती झाले गं?’ विचारते. चर्चचं पाकीट जांभळं. आणि ज्यावर चकचकीत गाडी असते ती जाहिरात, थेट कचऱ्यात. पॅपॉनेच शिकवलं होतं, ‘अगं ओपल, गाडी दिसली की फेक, ते विकायला बसलेत.’ विमावाल्यांची निशाणी मी डाल्टनच्या टेबलावर बघून ठेवली होती, निळी छत्री. मी रोज टपालाच्या पेटीत निळी छत्री शोधायची. ती आली नाही. एक लाल गाडीवालं पाकीट आलं, ते मी फेकलं. दहा दिवसांनी तसंच दुसरं आलं. त्यावरची गाडी हुबेहूब तुझ्या गाडीसारखी होती गं. मला फेकवेना. कात्रीने ती गाडी कापली आणि फ्रिजवर लावली. उरलेलं पाकीट आतल्या कागदासकट कचऱ्यात टाकलं.

तू विचारायचीस, ‘कागद आला का?’ मी म्हणायची, ‘नाही,’ आणि ते खोटं नव्हतं. दूध घ्यायला त्या फ्रिजचं दार तू दहादा उघडलंस, त्या चित्राकडे एकदाही बघितलं नाहीस. तुझ्या बापाच्या दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी, टोमॅटोच्या बियांची पुडी, वर्षभर जुनं कॅलेंडर, त्या गर्दीत कुणाला काय दिसणार?

मग ऑगस्टमध्ये तू आइस्क्रीमच्या टपरीवरच्या गाड्यांच्या मेळ्याला गेलीस, आणि येताना दिवस मावळतीला ते हरीण आडवं आलं. तू त्याला वाचवलंस आणि गाडी रस्त्याकडेच्या चरात घातलीस. हरणाने मागे वळूनसुद्धा बघितलं नसेल. विमावाले म्हणाले, तरुण चालकाचा कागद आमच्याकडे नाही, भरपाई नाही.

त्यानंतरचा रविवार. तू माझ्या स्वयंपाकघरात उभी, हनुवटीला पट्टी, आणि डाल्टन टोपी हातात धरून दारात. तू म्हणालीस, ‘दोनदा पाठवला म्हणतोस, मग काय मॅमॉने खाल्ला?’ तो म्हणाला, ‘रेलिन, देवाशपथ पाठवला. कंपनीने यंदा पाकीट बदललंय.’ आणि त्याने खिशातून नमुन्याचं कोरं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. ‘मॅमॉ, असं दिसतं. लाल गाडी आहे बघा.’

मी फ्रिजपाशीच उभी होते. मी काय केलं ते ऐक. दोन पावलं मागे सरकले आणि पाठ फ्रिजला लावून उभी राहिले. म्हटलं, ‘नाही रे बाबा. असलं काही आलं नाही माझ्याकडे.’ तू त्याच्यावर ओरडलीस. म्हणालीस, ‘माझी म्हातारी आजी खोटं बोलते म्हणायचंय का तुला?’ इतका अभिमान होता तुझ्या आवाजात! चुंबकाचं टोक माझ्या खांद्याच्या हाडात रुतलं होतं तरी मी हलले नाही. तू त्याचं जाकीट त्याच्या अंगावर फेकलंस, तेव्हाही नाही.

माझी उंची तुला माहीत आहे. त्या फ्रिजपुढे मी उभी राहिले तर वरचं बरंचसं दिसतं. तू त्याच्याकडे बघत होतीस, तो माझ्या डोक्यावरून बघत होता. त्याला दिसलं, रेलिन. चित्र त्याने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. कचेरीत मी कागद उलटा धरला होता तेव्हाच कळलं असेल कदाचित, म्हणून तर ओळ न् ओळ वाचून दाखवली. त्याने पाकिटाची घडी घालून ते खिशात ठेवलं आणि म्हणाला, ‘टपालात गहाळ झालं असेल, मॅमॉ. होतं असं.’ तेवीस वर्षांचा पोरगा! एक शब्द बोलला असता तर त्याची नोकरी वाचली असती आणि तूही त्याच्याजवळ राहिली असतीस. त्याने माझी अब्रू वाचवली, आणि मी त्याला वाचवू दिली. तुम्ही दोघं गेल्यावर मी चित्र काढून पिठाच्या डब्यात लपवलं. एवढ्यावर भागलं नाही. पंधरा दिवसांनी तू साक्षीचा कागद आणलास तेव्हा काय लिहिलंय ते मला पुरतं ठाऊक होतं. वाचता येत नव्हतं, हा बहाणा तिथे चालत नाही. मी माझं ते एकुलतं एक चित्र छान वळणदार काढलं आणि तुला गोड खायला दिलं. मैद्यात पीच भरून भाजलेला पाय. तू दोन तुकडे खाल्लेस.

मी स्वतःला समजावत होते की हे तुझ्यासाठी. पोरीची गाडी परत येईल, डाल्टनला काय, दुसरं काम मिळेल. पण मला ठाऊक आहे ते कुणासाठी होतं. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला अडाणी म्हणवून घ्यायची लाज वाटत होती, एवढंच. गेल्या महिन्यात दुकानात डाल्टन दिसला, कचेरीतली नोकरी गेल्यापासून तिथल्या गोदामात खोकी उचलत होता. ‘कशा आहात मॅमॉ,’ म्हणाला आणि माझी पिशवी गाडीपर्यंत आणून दिली. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले आणि मिस ऑड्रेना म्हटलं, मला काहीतरी लिहून हवंय, पण आधी दार लावा. त्यांनी दार लावलं आणि विचारलं, शिकायचंय का? मी म्हटलं, आधी हे निस्तरू द्या.

ते चित्र या पत्रासोबत आहे. पिठाचे डाग माझे. मागच्या बाजूला कंपनीचं नाव अर्धं आलंय, असं मिस ऑड्रे सांगतात. म्हणजे भरपाई मिळणार नाही, रेलिन. तुझी गाडी मी घालवली. दोनदा घालवली, एकदा न कळता आणि एकदा कळून. तू रागाव. माझ्याकडे यायचं थांबवलंस तरी मी तुझ्या बापाला काही सांगणार नाही.

आता हे आजच का लिहिलं ते सांगते. हेच सगळं मी दुसऱ्या कागदावरही लिहून घेतलंय, आणि मिस ऑड्रे तो बुधवारी दुपारी सुनावणीच्या साहेबाकडे स्वतः नेऊन देणार आहेत. तुला विचारून नाही. तुला विचारलं तर तू मला वाचवशील, तू तशीच आहेस. हे पत्र तुला त्यांच्याच हातून मंगळवारी सकाळी मिळेल. मध्ये एक दिवस आहे, तो मी मुद्दाम ठेवलाय. त्या दिवसात तू तुझी तक्रार आपणहून मागे घेऊ शकतेस आणि डाल्टनच्या दारात जाऊ शकतेस, कुणी भाग पाडण्याआधी. बुधवारनंतर गेलीस तर कागद बघून आलीस असं होईल. मी कुणी पकडेपर्यंत थांबले आणि कुणी पकडलंच नाही, त्यात माझं असं झालं. तू थांबू नकोस. तो संध्याकाळी पाचला घरी येतो, मी विचारून ठेवलंय.

तुझीच, तोंड लपवायला आता फ्रिजसुद्धा न उरलेली,
मॅमॉ