शर्टाची बटणं

मिरज,
८ डिसेंबर १९९६

तीर्थरूप आप्पांना अंजनाचा पाया पडून नमस्कार.

तात्यांनी काल चतकोर भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. मी बरी आहे, थोडी दमलेय एवढंच. ऊसतोडीला टोळी आली का?

केमोचे सहा डोस होऊनही तात्यांच्या मानेतली लिम्फोमाची गाठ परत वाढली आहे. याहून कडक औषध आहे, पण त्र्याहत्तराव्या वर्षी ते सोसेल का, ही डॉक्टरांना शंका होती. तात्या मात्र राउंडच्या वेळी पलटणीत असल्यासारखे ताठ बसून "एकदम फिट हाय, सायेब" म्हणायचे. औषधानं त्यांची बोटं बधिर झाली आहेत. शर्टाची बटणं मी डॉक्टर यायच्या आधीच लावून द्यायचे.

परवा मी डॉक्टरांना बाहेर गाठून खरं सांगितलं. बटणांचं, आणि संडासापर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं तेही. हृदय तपासून त्यांनी कडक औषध रद्द केलं. आता सौम्य गोळ्या देऊन गुरुवारी घरी सोडतील. त्यानं गाठ जाणार नाही, त्रास कमी होईल. "तू शिकलीयस, तूच ठरव," असं तुम्ही म्हणाला होता. मी बरोबर केलं ना, आप्पा?

दोन दिवस तात्या माझ्याशी बोलले नाहीत. नातीला हात लावू न देता स्वतःच बटणांशी झटत बसायचे. आज दुसऱ्या बटणावर थांबले आणि म्हणाले, "तुझ्या आप्पाला लिव, येताना ट्रंकेतली माझी जर्सी आण म्हणावं. ती डोक्यातनं घालाय येती."

तेवढी आठवणीनं आणा. आईला सांगा, मी जेवते वेळेवर.

तुमची लेक,
अंजना