पंचधातूची बॅटरी ब्याण्णव टक्के होती

हडपसर, दि. ४ नोव्हेंबर २०२५

श्रीमत् सकलयंत्रचित्रचूडामणी, खडकीभूषण, सांप्रत वाघोलीनिवासी अय्युब तांबोळी यांस मच्छिंद्र ज्ञानोबा हरपळे याचा, गुडघे परवानगी देतील तितपत वाकून, नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे आईची प्रकृती उत्तम, समोरच्या रस्त्याचे उत्खनन तिसऱ्यांदा आरंभलेले, आणि मी नववीच्या वर्गाला संस्कृत शिकवण्याचा अभिनय पूर्ववत करीत आहे. नसीमवहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमची मिसबा नोकरीला लागल्याचे कानावर आले. कानावरच येणार, कारण चार वर्षांत तुझ्यामाझ्यात एका अक्षराची देवघेव नाही. त्या विषयावर मी या पत्रात काहीही लिहिणार नाही. पत्राचा हेतू संपूर्णतः वाङ्मयीन आहे.

‘पोलादपर्व’ पुस्तकरूपाने निघण्याचा योग आहे. अकरा वर्षे मुलांच्या त्या मासिकात आपण दोघांनी, लहर लागेल तसे वर्षाला दोन-तीन भाग करीत, यंत्रमानवांचे जे महायुद्ध चालवले, ते सत्ताविसाव्या भागावर अर्धवट थांबले आहे. प्रकाशकाची एकच अट : अठ्ठाविसावा, शेवटचा भाग हवा. चित्रे संगणक काढून देईल, असेही तो म्हणाला. मी त्याला सांगितले, यंत्रांचे युद्ध यंत्राकडूनच काढून घ्यायचे असेल तर वाचायलाही एखादे यंत्रच बसव. तो हसला नाही. हल्ली कोणी हसत नाही.

तेव्हा तू काढशील का, हा या पत्रातला एकमेव प्रश्न. आपली रीत तुला सांगायला नको, तरी सांगतो, कारण मला ती आठवायला आवडते. जगात लेखक आधी लिहितो आणि चित्रकार मागून येतो. आपले उलटे. तू कारखान्यातल्या ड्राफ्ट्समनच्या टोकदार पेन्सिलीने आधी चित्रे काढायचास आणि गुरुवारी, एका शब्दाचेही स्पष्टीकरण न देता, माझ्यासमोर टाकायचास. त्यातली पात्रे तशी का वागतात याची कारणे शोधणे हे माझे कर्तव्य. मग माझी वाक्ये तू स्वहस्ते बुडबुड्यांत लिहायचास, आणि लिहिताना नाक मुरडायचास.

आता निमित्त. वाघोलीतच राहणाऱ्या ऋतिका नामक सातवीतील एका विदुषीने सर्व जुने अंक वाचून प्रकाशकामार्फत मला एक वही धाडली आहे. शीर्षक : ‘पोलादपर्वातले मूर्ख निर्णय’. एकूण एकतीस. खलनायकाचे लाल शाईत, नायकाचे हिरव्या. लाल आणि हिरवे जवळपास समसमान भरतात, ही गोष्ट मला व्यक्तिशः लागली.

वानगीदाखल. क्रमांक तीन : सम्राट कर्कशाने आपली अखिल सेना एका बटणाने बंद पडेल अशी व्यवस्था केली आणि ते बटण, कैद्याचा हात पोचेल अशा उंचीवर, तुरुंगातच बसवले. ‘कोणत्या इंजिनिअरने याला परवानगी दिली?’ असे बालिका विचारते. क्रमांक आठ : नायक पंचधातू हाती सापडला असता कर्कश त्याला ठार करण्याऐवजी साडेतीन पाने आपली योजना समजावून सांगतो. (तुला आठवते? तू म्हणाला होतास, “अरे, बुडबुडा फुटेल. याला जरा दम लागू दे की.” आणि मी म्हणालो होतो की सम्राटांना दम लागत नसतो. “मग सम्राटांना अक्कल तरी लागू दे,” असे तू उत्तरलास.) क्रमांक चौदा, हिरवा : पंचधातूच्या पायांत उडण्याचे यंत्र असताना तो शत्रूच्या बुरुजावर नऊ मजले जिन्याने चढतो. क्रमांक एकोणीस : शत्रूची तोफ मोठी आहे म्हणून समान युद्ध व्हावे यासाठी पंचधातू आपली ढाल फेकून देतो. हे औदार्य माझे. तुझ्या चित्रात ढाल नुसती निसटली होती.

एकूण निष्कर्ष असा, की खलनायक बोलण्याच्या मोहाने हरतो आणि नायक सुंदर दिसण्याच्या. मी हे वाक्य वर्गात वापरणार आहे.

क्रमांक एकतिसावर मात्र मी अडकलो आहे. मुळातूनच उतरवतो : ‘भाग २७. पुलावर शत्रू बिजागरीला अडवतात. बिजागरी पंचधातूचा सगळ्यात जुना मित्र आहे. पंचधातू दहा पावलांवर उभा आहे आणि नुसता बघतो. खाली लिहिलंय की त्याची शक्ती संपली होती. पण त्याच चित्रात त्याच्या छातीवर बॅटरी ९२ टक्के दिसते. मग तो गेला का नाही?’

चित्र तुझे आहे, म्हणून तुला विचारतो. हे लिहिताना मी तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा चालूच असलेल्या घड्याळाला किल्ली द्यायला, आणि एकदा कशासाठी ते आठवत नाही.

किरकोळ वृत्त : ब विंगमधली तिसऱ्या मजल्यावरची रामदास शितोळ्यांची सदनिका पुन्हा विकाऊ आहे. चार वर्षांपूर्वीचे गिऱ्हाईक हुकल्यावर त्यांनी ती भाड्याने दिली होती. येत्या सोळा तारखेला आमच्या गृहनिर्माण संस्थेची विशेष सभा आहे. नवीन सभासद कोणी व्हावे याचा एक कायमस्वरूपी नियम करावा, असे अध्यक्ष पृथ्वीराज यांच्या मनात आहे आणि त्याचा मसुदा मी लिहावा असा आग्रह आहे. हे केवळ वृत्त म्हणून कळवले.

आई विचारत असते. काय विचारते ते लिहीत नाही.

तुझा अखंडित शब्दपुरवठादार,
मच्छिंद्र


हडपसर, दि. १७ नोव्हेंबर २०२५

अय्युब,

तुझे पाकीट पोचले. आत सत्ताविसाव्या भागातल्या त्या पानाची झेरॉक्स आणि पाठीमागे तुझ्या अक्षरात : ‘ऋतिकाला सांग, चित्र बरोबर आहे. बॅटरी ब्याण्णवच होती. खालचं वाक्य खोटं आहे.’

अकरा वर्षे तू कधी एका चित्राचे स्पष्टीकरण दिले नाहीस. दिलेस ते हे.

आता मी जे लिहिणार नाही म्हणालो होतो, ते लिहितो. तुला सर्व ठाऊक आहे. तरीही माझ्या हाताने लिहिलेले तुझ्यापाशी असावे.

चार वर्षांपूर्वी तू निवृत्त झालास, खडकीचे क्वार्टर तीन महिन्यांत रिकामे करणे प्राप्त होते, आणि शितोळ्यांची सदनिका तू पाहून, पसंत करून, बोलणी पक्की करून गेला होतास. मीच दाखवली होती. ज्या जमिनीवर ही संस्था उभी आहे तिच्यात माझ्या वडिलांनी कांदा काढला. तुला येथे आणण्यात मला एक सरंजामी आनंद होता, तोही आता कबूल करतो.

समितीची बैठक पृथ्वीराजांच्या दिवाणखान्यात झाली. चहा, खारे काजू. पृथ्वीराज म्हणाले, “आपल्याला व्यक्तीबद्दल काही नाही हो, सर. अय्युबभाई माणूस म्हणून चांगलेच आहेत. पण एक आले की रांग लागते. उद्या कोणी विचारलं तर आपण काय सांगायचं?”

मी एक काजू उचलला. साईनाथ खजिनदार म्हणाला, “नको म्हणायचं तर कारण द्यावं लागेल ना?”

“कारण कशाला?” पृथ्वीराज म्हणाले. “सर लिहितील की. सरांची भाषा अशी आहे, वाचणाऱ्याला लागतही नाही आणि कळतही नाही.”

सगळे हसले. अय्युब, मीही हसलो. मला ती स्तुती वाटली.

अशी संमती देण्या-नाकारण्याचा समितीला अधिकारच नाही, हे मानद सचिव या नात्याने मला तेव्हाही ठाऊक होते. ते एक वाक्य उच्चारायला किती शक्ती लागली असती, याचा हिशेब तू चित्रात मांडलाच आहेस. शितोळे भिडस्त गृहस्थ. संस्थेचे पत्र पाहून ते माघार घेतील, हेही आम्हा सर्वांना ठाऊक होते, आणि त्यांनी ती घेतली.

मी घरी आलो आणि पत्र लिहिले. केवळ लिहिले नाही, त्याच्यावर मेहनत घेतली. प्रथम ‘नकार’ असा शब्द होता. तो ग्राम्य वाटला म्हणून ‘असमर्थता’ केला. ‘सदनिकाहस्तांतरणाच्या प्रस्तुत प्रस्तावास अनुमोदन देणे विद्यमान परिस्थितीत संयुक्तिक ठरणार नाही.’ हे वाक्य मी मोठ्याने वाचून पाहिले, लय साधते का ते ऐकण्यासाठी. साधत होती. माझा जिवलग मित्र घरावाचून राहणार होता आणि मी लय ऐकत होतो. खाली नाव घातले नाही. ‘मानद सचिव’ एवढेच, आणि वाचता येणार नाही अशी रेघ. वस्तुतः माझी वाक्ये अकरा वर्षे स्वतःच्या हाताने बुडबुड्यांत भरणाऱ्या माणसापासून मी माझी भाषा लपवू पाहत होतो. कर्कशाच्या एकाही निर्णयात इतका मूर्खपणा नाही.

पत्र शितोळ्यांना गेले, त्याची प्रत तुला मंगळवारी मिळाली असणार. गुरुवारी तू नेहमीप्रमाणे आलास. मला वाटले होते, येणार नाहीस. तू आलास, चपला नीट जोडीने ठेवल्यास, सत्ताविसाव्या भागाची चित्रे टेबलावर टाकलीस. आईने भाकरी टाकली.

“काय रं आयुब, कवा येतोस ऱ्हायला?” तिने विचारले. “नसीमला म्हनावं, गच्चीवर सांडगे वाळवाय जागा लई हाय. आन् लिफ्ट बी हाय, गुडघ्याला तरास न्हाय.”

तू माझ्याकडे पाहिले नाहीस. “बघू आई,” म्हणालास. “अजून कागदपत्रं चाललीत.”

माझ्या आईसमोर तू मला वाचवलेस. मी ठेचा वाढून घेतला.

मग ती चित्रे मी पाहिली. पूल, बिजागरी, दहा पावलांवर पंचधातू. कारणे शोधणे हे माझे कर्तव्य, म्हणून मी तुझ्यासमोर बसून लिहिले, ‘पंचधातूची शक्ती संपली होती. तो असहाय होता.’ तू ते वाक्य वाचलेस. पेन उचललेस आणि आपल्या सुरेख अक्षरात, नाक न मुरडता, चौकटीत उतरवलेस. निघताना “येतो” म्हणालास. त्यानंतर तू आला नाहीस. पुढे कळले, वाघोलीला भाड्याने राहतोस, चौथा मजला, लिफ्ट नाही.

बॅटरीचा आकडा मला तेव्हाच दिसला होता. ऋतिकाला दिसेपर्यंत मी तो न दिसल्यासारखे करीत होतो, इतकेच.

काल सभा झाली. नियमाचा मसुदा मी नेला नाही. संस्थेच्या फायलीतले ते जुने पत्र नेले आणि उभे राहून वाचले. अ विंगच्या राधा काळभोर म्हणाल्या, “सर, पण यात कारण काय दिलंय? मला तर काही कळलंच नाही.”

“कळू नये म्हणूनच लिहिले होते, बाई,” मी म्हणालो. “कारण एवढेच, की ते मुसलमान आहेत. पत्र मी लिहिले आहे.”

पृथ्वीराज उठले. “सर, हा विषयपत्रिकेत नाही.”

“चार वर्षांपूर्वीही नव्हता.”

“तुम्ही संस्थेची बदनामी करताय.”

“नाही. यापूर्वी केली होती. आज फक्त वाचून दाखवली.”

पुढे फारसे भव्य काही घडले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन कुटुंबे उठून गेली. एक गृहस्थ मला जिन्यात म्हणाले, “हे बोलायची खरंच गरज होती का?” नियम मात्र झाला नाही. पृथ्वीराजांनी तो तोंडीच मांडून मतास टाकला तेव्हा बाजूने चौदा, विरोधात एकोणीस, आणि उरलेल्यांनी मोबाइलमध्ये डोके घातले. सचिवपदाचा राजीनामा मी दिला. तो इतक्या तत्परतेने स्वीकारला गेला की तयार करून नेलेले भाषण खिशातच राहिले.

घरी येऊन आईला सर्व सांगितले. तिला आजवर कागदपत्रांचीच गोष्ट ठाऊक होती. तिने सोलायला घेतलेला लसूण संपवला. मग म्हणाली, “मंजी त्या दिशी माझ्या भाकरीवर बसून त्यानं तुझं झाकलं, आन् तू खाल्लंस?”

“हो.”

“मग आता माझ्याशी दोन दिस बोलू नगंस.”

आज पहिला दिवस आहे. मी घरभर फिरतो आहे. दाराची कडी वाजली की उठतो, दूधवाला निघतो.

शितोळे सदनिकेसाठी तुला दूरध्वनी करणार आहेत. तो तुमचा दोघांचा व्यवहार आहे, त्यात मी शब्द घालत नाही. तू येथे राहायला ये, असे म्हणण्याची माझी योग्यता नाही. ज्या जिन्यात चौदा लोक तुझ्याविरुद्ध हात वर करून उतरले, त्या जिन्यात नसीमवहिनींनी यावे का, याचा निर्णय मी सुचवू शकत नाही. अठ्ठाविसाव्या भागासाठीही आग्रह नाही. पुस्तक अपुरे निघाले तर अपुरे निघेल, आणि मुलांना आपण खोटे सांगितल्याची नोंद प्रस्तावनेत मी करीन.

सोबत संस्थेच्या त्या पत्राची प्रत जोडली आहे. तळाशी जिथे नुसते ‘मानद सचिव’ होते, तिथे आज मी माझे संपूर्ण नाव लिहून, दिनांक घालून, वाचता येईल अशी स्वाक्षरी केली आहे. उपनिबंधकांकडे, न्यायालयात, वर्तमानपत्रात, तुला जिथे वापरायची असेल तिथे वापर. मला आधी विचारू नकोस.

उत्तर मागण्याचा अधिकार नसलेला, तरी कडी वाजली की उठणारा,
मच्छिंद्र ज्ञानोबा हरपळे