आपांनी दिलेलं बीपी

भोर,
जानेवारी २००९

आदरणीय बिलकीस आपा यांना धाकट्या लियाकतचा सलाम.

तुमचे गुडघे कसे आहेत, दाजींचा खोकला गेला का, फलटणला थंडी कितपत आहे, हे सगळं मी रीतसर विचारलं असं समजावं. इकडे आम्ही खुशाल आहोत (असं वर लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, खरी खुशाली खाली येते आहे). मोबाईलवरच बोललो असतो, पण तुम्ही मोबाईल कानापासून हातभर लांब धरता आणि समोरच्या घरातली बाई तुमच्या आधी उत्तर देते. म्हणून पत्र. वाचून झालं की चुलीत घाला.

आपा, माझी तुमच्यावर एक तक्रार आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या रक्तात एचआयव्ही निघाला आणि पुण्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा तुम्ही, मी आणि तुमची भावजय सबिहा दार लावून बसलो होतो. प्रश्न एवढाच होता की रोज वेळेवर कसल्या गोळ्या गिळतो असं कुणी विचारलं तर सांगायचं काय. मी पडलो बावर्ची. भोर-वेल्ह्यात निकाह असो नाहीतर जत्रेचं जेवण, चुलीवरची मोठी डेग माझी. रस्सा तळहातावर घ्यायचा, चाटून बघायचा, मग मीठ टाकायचं, हा आमचा धंदा. जेवणातून हा आजार पसरत नाही हे मला दवाखान्यात घोकून घोकून सांगितलंय, पण ते पंगतीला जाऊन कोण सांगणार? बातमी फुटली असती तर माझ्या हातचा भात कुणी कुत्र्यापुढेही टाकला नसता. तेव्हा तुम्हीच म्हणालात की बीपी आहे म्हणून सांग. बीपी कसा अब्रूदार आजार, सरपंचाला असतो, मास्तरला असतो, आणि कुठून आणला असं त्याला कुणी विचारत नाही. मी तुमचं ऐकलं. तुमचं ऐकून आजवर माझं काय काय झालं ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून मी सगळ्या तालुक्याचा बीपीवाला झालो. ज्याच्या घरी डेग चढवायला जाईन त्याची बायको माझ्यासाठी वेगळी अळणी भाजी करून ठेवते. प्रेमानं समोर बसवून खायला घालते, त्यामुळे पानात टाकताही येत नाही. शंभर माणसांचा पुलाव मी शिजवायचा आणि मी मात्र अळणी दुधी खायचा. मग काय, डेगीमागे बसून गुपचूप लोणचं खायचं, सुकट भाजून खायची, आणि वर तंबाखू. तुमच्या त्या बीपीपायी मी एवढं मीठ खाल्लं, जेवढं साध्या माणसानं कधी खाल्लं नसतं.

आता खरी भानगड ऐका. दिवाळीच्या आसपास पुण्याला गोळ्या आणायला गेलो. तिथल्या सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि म्हणाली, तुमचं बीपी वाढलंय. मला हसूच आलं. वाटलं, आपली बातमी पुण्यापर्यंत पोचली. मी हळूच म्हटलं, सिस्टर, ते बीपी फक्त लोकांना सांगायचं आहे, तुमच्यापाशी काय लपवायचं. तिनं मला थोडा वेळ शांत बसवलं, दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला, पुढच्या खेपेला पुन्हा मोजलं. प्रत्येक वेळी तेच. तुम्ही बसल्या जागी तयार केलेला आजार, आपा, माझ्या अंगात येऊन राहिला होता.

मी विचारलं, आधीच एक आजार असताना हा दुसरा कशाला? सिस्टर म्हणाली, तुमचा पहिला आजार गोळ्यांनी ताब्यात आहे, तुम्ही आता चांगले म्हातारे होणार आहात, म्हणून आता काळजाकडे आणि मूत्रपिंडाकडे लक्ष द्यायचं. आपा, मी चार वर्षं मरायची तयारी करत होतो आणि ही बाई मला म्हातारा होण्याची तयारी करायला सांगत होती. मला रडू आलं, ते कशाचं हे अजून कळलेलं नाही. मग तिनं बजावलं की बीपीची गोळी रोज घ्यायची, मीठ कमी, तंबाखू बंद, जुन्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी सगळ्या गोळ्या दाखवायच्या, कारण काही गोळ्यांचं एकमेकींशी पटत नाही. (तुमचं आणि सबिहाचं सुरुवातीला होतं तसंच म्हणायचं.)

परत येताना हे सांगायचं कुणाला तेच कळेना. एसटीत मार्गासनीचे गेनबा भेटले, त्यांना म्हटलं, गेनबा, मला बीपी निघालंय. ते म्हणाले, "अवो, मग तुमाला हाईच की कवाधरनं." विषय संपला.

सबिहानं मात्र मनावर घेतलं. लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली, माझ्या ताटातलं मीठ जवळजवळ बंदच केलं. पहिले काही दिवस जीव नकोसा झाला, मग जिभेला सवय लागली. इतकी लागली की चिमूटभर मीठसुद्धा खारट लागायला लागलं, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नाही. अशा जिभेनं मी गेनबांच्या घरी जत्रेचं मटण करायला गेलो. तळहातावर रस्सा घेतला, चाटला, म्हटलं झकास. पंगत बसली. लोक मीठ मागायला लागले, घरातलं मीठ संपलं, शेजारचं आणलं. गेनबा जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "लियाकतभाई, तुमी तुमचं पथ्य समद्या गावाला लावलं व्हय?" मग मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्या अंबूबाईला मातुर लई आवडलं. तिलाबी बीपी हाय."

त्या अपमानानं डोकं ठणकायला लागलं म्हणून दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या डॉक्टर कामरानकडे गेलो. त्यांनी बीपी मोजलं, तर बरंच चढलेलं. त्यांच्या हिशेबी मी चार वर्षांचा जुना बीपीवाला. ते म्हणाले, इतकी वर्षं गोळ्या घेऊनही हे असं असेल तर त्या गोळ्या कुचकामी आहेत, आजपासून बंद कर. आणि स्वतःची एक जोरदार गोळी लिहून दिली. मी मान हलवून बाहेर आलो. बंद कर म्हणाले त्या गोळ्या म्हणजे माझा जीव, आणि ते मला बोलता येईना.

घरी सबिहा म्हणाली, "त्या गोळ्या बंद केल्या तर म्या म्हायेरी जाईन, आन् तुमची डेगबी संगं नेईन." तेव्हा त्या बंद केलेल्या नाहीत, काळजी नसावी. पण नवी गोळी खिशातच आहे. ती पुण्याच्या बीपीच्या गोळीबरोबर घ्यायची की तिच्याऐवजी, जुन्या गोळ्यांशी तिचं पटेल की नाही, हे डॉक्टरांनाच विचारायला हवं, आणि विचारलं की सगळं उघडं होणार. त्यात पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा, मेहनाजचा निकाह आहे आणि सगळ्या डेगी माझ्याकडे आहेत. त्यांना कळलं तर त्या डेगी गेल्या, आणि पाठोपाठ साऱ्या भोरच्या गेल्या. तेव्हा आपा, बीपी आता खऱ्या कामाला लागलं असल्यामुळे जुन्या गोळ्यांसाठी मला एखादा दुसरा अब्रूदार आजार ताबडतोब सुचवावा. मधुमेह सुचवू नका, या वयात गोडही सुटायचं.

दाजींना सलाम, मुलांना दुवा.

तुमचा धाकटा भाऊ,
लियाकत

ता. क. – पत्र टाकायचं राहून गेलं होतं. आज सबिहानं सगळ्या गोळ्या बटव्यात भरल्या आणि मला हाताला धरून डॉक्टर कामरानकडे नेलं. मी टेबलावर गोळ्या ओतल्या आणि खरं सांगितलं. डॉक्टरांनी एकेका गोळीचं नाव वाचलं. मग त्यांची गोळी त्यांनी माझ्याकडून परत घेतली, म्हणाले, जुन्या आणि पुण्याची बीपीची अशाच चालू ठेव, दर आठवड्याला माझ्याकडे मोजून जा, आणि ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. मी विचारलं, मग निकाहाच्या जेवणाला दुसरा बावर्ची बघणार का?

ता. क. दुसरा – त्यांनी जे उत्तर दिलं त्यासाठीच तुम्ही मुक्काम करायच्या तयारीनं भोरला यावं. दुसरा आजार आता नको. डॉक्टर म्हणाले, "पुलाव तूच कर. पण मी जत्रेला होतो, लियाकत. मीठ बघायला दुसरं कुणीतरी आण."