म्हातारीचं वाक्य

प्रिय मुद्देबाई,

तुमच्या समितीच्या त्या सचिवाला कोणीतरी आवरा गं. आज सकाळपासून त्याचा तिसरा फोन. पहिला आला तेव्हा माझ्या गालांना साबण लागलेला, दुसरा आला तेव्हा पेपर नुकता उघडलेला, आणि तिसरा सुनेने उचलून, "आहेत की बाबा, देते," म्हणत माझ्या हातात कोंबला. प्रश्न एकच. सर, दगडावर वाक्याच्या खाली नाव काय टाकायचं? नुसतं 'एक वृद्ध धुलाई कामगार' बरं दिसत नाही म्हणे. इस्पितळाच्या नव्या इमारतीचं फाटक, शेजारी पुरुषभर उंचीचा काळा दगड, त्यावर त्या अकरा दिवसांच्या संपाची आठवण, आणि अनावरणाला तू. एवढ्या थाटात बिननावाची बाई शोभत नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, नाव सरांनाच ठाऊक, टिपणं तेच घेत होते. बाई म्हणजे तू. पाथरवट शुक्रवारी कोरायला बसणार, तेव्हा गुरुवारपर्यंत नाव हवं. मी म्हटलं, आठवत नाही. तर म्हणतो, आठवा ना सर, चहा घ्या, एक फेरी मारून या, येईल. नाव म्हणजे काय अडकलेली शिंक आहे?

घरात वेगळाच छळ. सून म्हणते, बाबा, वाक्य टिपून घेणारे म्हणून दगडावर दुसऱ्या ओळीत तुमचं नाव येतंय आणि तुम्ही एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलाय. मुलगा म्हणतो, वयच झालंय, जाऊ दे. पाथरवट रोज अक्षरांचे नमुने फोनवर पाठवतो आणि विचारतो, वेलांटी अशी गोल की जरा टोकदार. वेलांटीचं काय घेऊन बसलास बाबा! मला तो दगडच नकोय. दगड असू दे हवं तर, पण त्यावर ते वाक्य नको. हे तुला फोनवर सांगायला गेलो असतो तर दुसऱ्या मिनिटाला तू विचारलं असतंस, मुद्दा काय? आणि माझा मुद्दा तिथेच गारठला असता. बावन्न वर्षं हेच होत आलंय. म्हणून कागद घेऊन बसलोय. शेवटपर्यंत वाच, मधल्या ओळी गाळू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे.

इतिहास आणि राज्यशास्त्र एकत्र शिकवायची विद्यापीठाची ती हौस तुला आठवते का? आपली दुसरीच तुकडी, आणि आपलं करायचं काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. इतिहास जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, राज्यशास्त्र मैदानापलीकडच्या पत्र्याच्या वर्गांत, आणि एकाचा तास संपायचा त्याच क्षणी दुसऱ्याचा सुरू व्हायचा. आपण दोन्हीकडे उशिरा पोचायचो आणि दोन्हीकडे बोलणी खायचो. तिकडे तारीखसर, ज्यांना 'आज हवा छान आहे' म्हटलं तरी आधार काय असं विचारायची सवय. इकडे मग-काय बाई, ज्या अख्खं साम्राज्य बुडाल्याची हकिगत ऐकून घ्यायच्या आणि चष्म्यावरून बघत म्हणायच्या, बरं, मग काय? त्या दोघांनी मिळून आपल्या जोड्या लावल्या. एकाने इतिहासाचं अर्धं लिहायचं, दुसऱ्याने राज्यशास्त्राचं, आणि तोंडी परीक्षेत ज्याने जे लिहिलं नाही त्याबद्दल त्याने उत्तर द्यायचं. बाईंचाच हा नियम. दुसऱ्याचं अर्धं आपलं मानत नाही तोवर तुम्ही दोन विषय शिकलात असं मी समजणार नाही, म्हणाल्या होत्या. चिठ्ठीत माझ्या वाट्याला तू आलीस. मी शाळेतल्या कविता गुणगुणत जिने चढणारा, तू दोन दोन पायऱ्या सोडून चढणारी. पहिल्याच दिवशी तू माझं नाव घोकंपट्टी ठेवलंस. मी रागावलो असं दाखवलं. खरं तर त्या दिवशी मी मैदानाला दोन जास्तीच्या फेऱ्या मारल्या.

आणि काम तरी कसलं सुंदर होतं! इस्पितळाच्या धुलाईघरातल्या बायका पूर्वी कधीतरी अकरा दिवस कामावर आल्या नव्हत्या, शस्त्रक्रियांना धुतलेली चादर मिळेना, आणि बाराव्या दिवशी त्या गुपचूप परत आल्या. का गेल्या, का परतल्या, कोणालाच ठाऊक नाही. तळघरात दिव्याखाली बसून मी जुने हजेरीपट उलगडायचो. अकरा रकाने, सगळे फुल्यांचे. पोलिसांच्या दफ्तरात एक ओळ, वर्तमानपत्रात चार. मी ते सगळं नेटकं मांडून, समासात तारखा घालून, वाचनालयात तुझ्यासमोर ठेवलं. तू शेवटपर्यंत वाचलंस, पेन्सिल खाली ठेवलीस आणि म्हणालीस, सगळं आहे रे, पण माणूस कुठंय? तुझ्या अर्ध्यात हजेरीपट आहे, बाई कुठंय? तुला ते आठवणारही नाही. माझ्या मात्र ते जिव्हारी लागलं. धुलाईघराच्या कारकुनाने सांगितलं, त्यातली एक म्हातारी अजून आहे, बसआगाराच्या मागच्या चाळवजा इमारतीत राहते. रविवार ठरला. रविवारी सकाळी तुझ्या वसतिगृहाच्या दारात तुझी खोलीतली मैत्रीण उभी. म्हणाली, तिला ताप भरलाय, तू एकटाच जाऊन ये.

आता आपण तुझ्या मुलाखतीकडे येऊ. गेल्या महिन्यातल्या. कात्रण मी जपून ठेवलंय, पण वाचताना माझा चहा निवला. तू म्हणतेस, ते छोटंसं अंगण अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणतेस, म्हातारीने हात मांडीवर ठेवले होते, तळव्यांना सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा होत्या, आणि आम्ही दोघंही तिच्यासमोर पायरीवर बसलो होतो. अगं, तू तिथे नव्हतीस! अंगण नव्हतंच तिथे, दुसऱ्या मजल्यावरची एक खोली होती. आणि हात म्हणशील तर ते मलाही दिसले नाहीत, सांधे दुखतात म्हणून तिने लोकरीचे हातमोजे घातले होते, भर उन्हाळ्यात. तू तापाने फणफणत वसतिगृहात पडली होतीस आणि तुझी मैत्रीण तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. तेच तर माझं डोकं उठवतंय. खोटं बोलत असतीस तर तुझ्याशी भांडता आलं असतं. तुला ते खरंच आठवतंय.

आणि ते कुठून सुरू झालं हेही मी पाहिलंय. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या त्या टकल्या परीक्षकाने माझ्या अर्ध्यातलं पान काढलं आणि नियमाप्रमाणे तुला विचारलं, ही बाई कोण? तुम्ही भेटलात हिला? तू एकदाच माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, हो, आम्ही दोघंही गेलो होतो. आवाज जरासुद्धा हलला नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. आपण पहिले आलो. तारीखसरांनी, आयुष्यात प्रथमच असेल, आधार न विचारता माझी पाठ थोपटली.

पुढचं सगळं तुझ्या कर्तबगारीचं. तू विद्यापीठात राहिलीस, मी शाळेत मास्तर झालो. तू म्हातारीच्या त्या वाक्यावरून पुस्तक लिहिलंस, पुस्तकावरून इतरांनी पुस्तकं लिहिली, आणि एके दिवशी ते वाक्य माझ्याच आठवीच्या पाठ्यपुस्तकात येऊन बसलं. खाली स्वाध्याय : हे उद्गार कोणी काढले? एक गुण. अकरा वर्षं मी त्या उत्तरावर बरोबरची खूण केली आहे. एकदा एका मुलीने पान भरून लिहून झाल्यावर कोपऱ्यात लिहिलं होतं, सर, हे गाण्यासारखं आहे. तिला मी शेरा दिला, विषयाला धरून लिहावे.

तुला कधीच ऐकू आलं नाही का गं? एवढी हुशार तू, परदेशात जाऊन व्याख्यानं देऊन आलीस. 'मळ तुमचा धुतला, हात आमचे झिजले.' म्हणून बघ, मोठ्याने. आठ अक्षरं, पुन्हा आठ. टाळी वाजवत म्हणता येतं. कुठली थकलेली बाई दुपारच्या उकाड्यात अक्षरं मोजून बोलते? तू 'आमचे' या एका शब्दावर अख्खं प्रकरण लिहिलंस. बाई 'माझे' म्हणत नाही, 'आमचे' म्हणते, इथे एकटीचं दुखणं सगळ्यांचं होतं, इथे राजकारण जन्मतं. इतकं छान लिहिलंयस की वाचताना मलाही क्षणभर पटलं. मुद्देबाई, 'माझे' घातलं असतं तर एक अक्षर कमी पडत होतं.

घ्या. बावन्न वर्षं झाकलेलं, आणि लिहायला एक ओळ पुरली. तिथून परतताना बसच्या तिकिटामागे मी ते रचलं. तुला माणूस हवा होता. त्या वयात लोक फुलं नेऊन देतात, मी म्हातारी नेऊन दिली. तू वाचलंस, आणि पहिल्यांदाच मुद्दा न विचारता माझ्याकडे बघत राहिलीस, आणि त्यानंतर ते खोडणं माझ्याच्याने झालं नाही. दोन वर्षांनी तू लग्नाच्या पत्रिकेसाठी चार ओळी मागितल्यास, त्याही दिल्या. त्या मात्र भिकार होत्या.

गप्प राहिलो ते तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगत आलो. त्यात निम्मा तरी भित्रेपणा आहे. पण काल सचिवाने पुन्हा नाव विचारलं आणि माझ्या जिभेवर एक नाव आलं. चांगलं, त्या काळातल्या बाईला शोभेल असं, वाक्याच्या खाली डौलात बसेल असं. मी ते बोलणार होतो. घाईने फोन ठेवून दिला. तिचं खरं नाव मला ठाऊक नाही, कारण मी विचारलंच नाही. ती काय म्हणाली होती ते मात्र जुन्या वहीत आहे, आज काढून पाहिलं. "धुण्याचा सोडा बदला म्हटलं. हाताची सालं जायची. त्यांनी बदलला नाही, आम्ही गेलो नाही. मग बदलला. मग गेलो. आणखी काय असायचं?" एवढंच. एकविसाव्या वर्षी मला ते वाण्याच्या यादीसारखं वाटलं होतं. आज चष्मा पुसून पुसून वाचतोय. कोणी मागितलं, कोणी नाकारलं, कोण अडून बसलं, कोण जिंकलं, सगळं आहे गं त्यात, आणि मी ते टाकून माझी टाळी वाजवली.

समितीला मी पत्र लिहिलंय. वाक्य माझं आहे, रचलेलं आहे, दगडावर कोरू नये, आणि काही कोरायचंच असेल तर बाईचे खरे शब्द सोबत जोडले आहेत. बुधवारी सकाळी मी स्वतः जाऊन ते सचिवाच्या हातात ठेवणार. हे पत्र आज कुरिअरने टाकतोय, उद्या दुपारपर्यंत तुला मिळेल, म्हणजे ही गोष्ट तुला त्या सचिवाकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळेल. तुझ्या पुस्तकाचं काय होईल ते मला कळत नाही, आणि माफ कर म्हणून भागेल असंही वाटत नाही. एक गोष्ट मात्र समितीच्या पत्रात नाही. त्या रविवारी तू तिथे होतीस की नव्हतीस, ते चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. एका बाईच्या तोंडी मी वाक्य घातलं तेवढं पुरे झालं. ते तूच सांग, किंवा सांगू नकोस.

तुझाच,
घोकंपट्टी